उम्म राकानचा वाटा

युद्ध संपल्यावर मोसुलमध्ये सगळ्यांत आधी काय परत आलं असं विचारलं, तर कुणी म्हणतं सिगारेट, कुणी म्हणतं शाळेची घंटा. खौलाला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, रांगा. पाण्याची रांग, पावाची रांग, आणि सगळ्यांत लांब, कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होणारी इंधनाची रांग.

ती रांग मोडायचं काम तिच्याकडे आलं होतं. इंधन वाटपाच्या कचेरीत ती आधीपासून इंजिनिअर होती. दाइशच्या, म्हणजे आयसिसच्या, अमलाची मधली वर्षं तिनं घरात कोंडून काढली. शहर सुटलं, कचेरी पुन्हा उघडली, तेव्हा जुन्या लोकांपैकी बरेच परागंदा झाले होते आणि काही मातीखाली गेले होते. उरलेल्यांत वाटणीचं डोकं हिचंच चांगलं, म्हणून साहेबांनी नदीच्या डाव्या काठचे सगळे मोहल्ले हिच्या गळ्यात घातले.

काम सोपं नव्हतं. रिफायनरी जळून काळी पडलेली. टँकर लांबून यायचे आणि प्रत्येक नाक्यावर अडायचे. दजला नदीवर एकही पूल धड उरला नव्हता. लष्करानं टाकलेल्या तरंगत्या पुलावरून एका वेळी एकच टँकर सुटायचा, आणि नदीला पाणी चढलं की तोही बंद. जे काही पदरात पडायचं त्यातून आधी हॉस्पिटलं, मग पाण्याचे पंप, मग बेकऱ्या, आणि उरलंसुरलं गल्लोगल्लीच्या जनरेटरवाल्यांना. विजेच्या तारा अजून रस्त्यावरच लोळत होत्या, त्यामुळे घरात दिवा लागायचा तो जनरेटरवाल्याच्या कृपेनं. हे जनरेटरवाले रोज सकाळी तिच्या टेबलाभोवती कोंडाळं करायचे.

नशवान नावाचा एक होता, तोंडाचा फटकळ. तो म्हणायचा, "बाई, तुम्ही सगळ्यांना सारखं डिझेल वाटता ना? मग मीही सगळ्यांना सारखा अंधार वाटतो. तक्रारीला जागाच नाही!"

"आणि तुझ्या मेहुण्याच्या घरी तेवढा एसी चालतो, तो कुठल्या अंधारात?"

"तो बॅटरीवर चालतो, बाई."

"कसली बॅटरी? तुझी बहीण?"

सगळे हसायचे, नशवानही हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्या मेहुण्याची जोडणी गुपचूप निघायची. खौला अशी काम करायची. आवाज चढवत नसे, पण तिच्या डोळ्यांतून काही सुटत नसे.

थंडी आली तसा रॉकेलचा प्रश्न उभा राहिला. घरात ऊब म्हणजे रॉकेलची शेगडी, चहा तिच्यावरच, आंघोळीचं पाणीही तिच्यावरच. पंपावर रांगेत म्हातारी माणसं चक्कर येऊन पडत होती, आणि दांडगे लोक पुढे घुसून कॅनच्या कॅन भरून नेत होते. खौलानं पंपावरची विक्रीच बंद करून टाकली. रॉकेलचा टँकर आता गल्लीत येणार, घराघरापुढे थांबणार, आणि रेशनकार्ड बघून प्रत्येकाला सारखा वाटा देणार. मोहल्ल्यामोहल्ल्याचे मुख्तार, म्हणजे प्रमुख, जमवून तिनं हे सांगितलं, तेव्हा एकानं विचारलं, "ज्यांची पोरं दाइशमध्ये होती, त्यांचं काय?"

"रेशनकार्ड आहे ना? मग रॉकेल आहे. पुढचं बघणं माझं काम नाही."

बैठकीतून बाहेर पडताना तिच्याच मोहल्ल्याचा मुख्तार, हाजी सबहान, तिच्याजवळ आला. "पोरी, बोलायला ठीक आहे हे. वरून तोंडी सांगणं आलंय. सुरक्षा खात्याचा शिक्का असल्याशिवाय त्या घरांना काही द्यायचं नाही."

"लेखी आहे?"

"लेखी कोण देतंय! पण उद्या नाव आलं तर ते तुझं येईल, माझं नाही."

"लेखी येईपर्यंत मी ऐकलंच नाही समजा," खौला म्हणाली. ती असं म्हणाली हे पुढे मोहल्ल्यात पसरलं, आणि ते तिला आवडलंही होतं.

खौलाच्या घराच्या भिंतीला भिंत लागून उम्म राकानचं घर होतं. मुलगा राकान, म्हणून ती उम्म राकान, राकानची आई. तिचं स्वतःचं नाव काय, हे गल्लीत कुणी कधी विचारलं नव्हतं. नवरा अबू राकान शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता, पण अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळला होता. त्यात छातीचं दुखणं. त्याचा खोकला भिंतीतून खौलाच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

राकान मोबाइल दुरुस्त करायचा. मान खाली घालून चालणारा, बायकांशी बोलताना कान लाल होणारा पोरगा. तो दाइशमध्ये गेला. पहिल्याच वर्षी दाढी वाढवली, खांद्याला बंदूक लावली आणि घर सोडलं. शेवटच्या लढाईत उजव्या काठाला तो मेला असावा असं सगळे धरून चालले होते. प्रेत कुणी पाहिलं नव्हतं.

आणि खौलाचा नवरा इद्रीस आज पोलिसाच्या वर्दीत फिरत होता तो उम्म राकानमुळे. ही गोष्ट खौला, इद्रीस आणि उम्म राकान सोडून कुणालाही ठाऊक नव्हती.

लढाई शहराजवळ आली तसं दाइशनं जुन्या पोलिसांना घराघरातून उचलायला सुरुवात केली होती. एका सकाळी ते या गल्लीत शिरले. गल्लीच्या तोंडाशी अबू गानिमचं घर. त्याचा मुलगा गानिम इद्रीसबरोबर एकाच ठाण्यावर होता. त्याला अंगणातून ओढत नेलं. त्याच्या आईची किंकाळी गल्लीभर घुमली. इद्रीस धावत गच्चीवर गेला आणि पाण्याच्या रिकाम्या टाकीत उतरून बसला. खौला दोन्ही मुलींना पोटाशी धरून दाराआड उभी राहिली. दारावर बंदुकीचा दस्ता आपटला.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. उम्म राकान बाहेर आली, कोपरापर्यंत पिठानं माखलेली.

"काय रे, कुणाला शोधताय?"

"आत जा, आजी."

"आजी कुणाला म्हणतोस? मी राकानची आई आहे. कुठला राकान ते ठाऊक आहे ना? या घरात एक बाई आणि दोन पोरी आहेत. हिचा नवरा उन्हाळ्यातच पळाला, हिला टाकून. असल्या नामर्दाला शोधत फिरताय? आणि परक्या बायकांच्या घरात घुसायचंच असेल तर थांबा, राकानला निरोप धाडते. कसं घुसतात ते तोच दाखवेल तुम्हाला."

ते एकमेकांकडे बघत राहिले आणि निघून गेले. उम्म राकान भिंतीपलीकडून एवढंच म्हणाली, "पोरी, दार लावून घे. माझी कणीक वाळून चाललीय."

गानिम परत आला नाही. शहराबाहेरच्या एका खड्ड्यातून बाकीच्यांबरोबर त्यालाही काढलं, तेव्हा अबू गानिमनं त्याला स्वेटरवरून ओळखलं.

शहर सुटल्यावर इद्रीसला नोकरीत परत घेताना किती चौकशा झाल्या! तू कसा वाचलास? गानिम मेला, तू कसा नाही मेलास? त्यानं सांगितलं, टाकीत लपलो. ते खरंच होतं. दारात कोण उभं राहिलं ते त्यानं सांगितलं नाही. 'दाइशवाल्याच्या आईनं वाचवलं' असं एकदा कागदावर आलं असतं तर वर्दी मिळालीच नसती, उलट तोच आत गेला असता.

खौला उम्म राकानला मावशी म्हणायची. शहर सुटल्यावरही म्हणायची, पण हळू आवाजात, आणि शक्यतो अंगणातल्या अंगणात.

रॉकेलचा टँकर गल्लीत यायचा त्या सकाळी इतकं धुकं होतं की समोरचं घर दिसत नव्हतं. खौला कामावर निघाली होती, पण स्वतःच्या गल्लीत वाटप कसं होतं ते बघून जावं म्हणून थांबली. लोक दारात कॅन, पिंपं, तेलाचे रिकामे डबे मांडून उभे होते. टँकरवाला नळी ओढत घरामागून घर करत पुढे येत होता. बायका त्याला टोमणे मारत होत्या.

"अरे, काठोकाठ भर! फेस नको घालूस वर."

"ताई, रॉकेलला फेस येत नाही, साबणाला येतो."

"तुझं काय सांगावं, तू दोन्ही मिसळत असशील!"

उम्म राकान आपल्या उंबऱ्यावर एक निळा कॅन घेऊन उभी होती. रेशनकार्ड तिनं छातीशी धरलं होतं. तिच्या दाराशी टँकर आला आणि टँकरवाल्यानं नळी खाली घातली, तेव्हा अबू गानिम गल्लीच्या तोंडाकडून चालत आला. तो ओरडला नाही. सरळ येऊन नळीवर पाय देऊन उभा राहिला.

"या घरात नाही," तो म्हणाला.

टँकरवाल्यानं खौलाकडे बघितलं. सगळ्या गल्लीनं बघितलं.

"काका, पाय काढा. कार्ड आहे त्यांच्याकडे," खौला म्हणाली.

"माझ्याकडेही कार्ड आहे, पोरी. त्यावर गानिमचं नाव अजून आहे. मी खोडलेलं नाही. त्याच्या वाटचं रॉकेलही तुम्ही देता मला, मी घेतो, शेगडी पेटवतो आणि तिच्यासमोर त्याची आई रडत बसते. या घरात एक थेंब गेला, तर आधी मला पेटवा आणि मग हिची शेगडी पेटवा."

त्याच्या मागे दोघं-तिघं जमले. हाजी सबहानही कुठूनसा आला आणि खौलाच्या कानाशी लागला. "बघ, सांगितलं होतं. टँकर अडला तर पुढच्या पाच गल्ल्या उपाशी राहतील. शिक्का मागून मोकळी हो ना. दोन दिवसांचा तर प्रश्न."

खौलाला त्या क्षणी बोलायचं होतं. एका दमात सगळं सांगून टाकावं असं तिला वाटलं. पण गर्दीच्या मागे इद्रीस वर्दी घालून कामावर निघालेला उभा होता. तो अबू गानिमकडे बघत नव्हता, उम्म राकानकडेही नाही. नुसता तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत विनवणी होती.

"उम्म राकान," खौला म्हणाली. मावशी म्हणाली नाही. "सुरक्षा खात्याचा शिक्का लागेल. तो घेऊन या. तुमचा वाटा राखून ठेवते."

उम्म राकाननं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर खौलाला सोपं गेलं असतं. म्हातारीला एवढंच म्हणता आलं असतं, 'त्या सकाळी मी तुझ्याकडे शिक्का मागितला नव्हता, पोरी.' सगळी गल्ली कान देऊन उभी होती. तिनं तोंडही उघडलं नाही तसलं काही बोलायला. कॅन उचलला आणि म्हणाली, "बरं. आणते."

टँकर पुढच्या दाराशी गेला.

घरी आल्यावर खौलानं आपल्या पिंपातून एक कॅन भरला आणि भिंतीवरून पलीकडे द्यायचा म्हणून जिन्याखाली ठेवला. इद्रीस म्हणाला, "आज नको. अबू गानिमची माणसं अजून कोपऱ्यावर आहेत. शिक्का मिळेलच तिला. म्हाताऱ्या बाईचा कुणाला काय धोका?"

"आणि म्हाताऱ्याचा खोकला?"

"मला काय ऐकू येत नाही का गं तो?" इद्रीस एकदम बोलला. मग खाली बसला. "मी जिवंत आहे याची मला रोज लाज वाटते. पण ही वर्दी गेली तर आपण चौघं कुठे जायचं?"

दुसऱ्या दिवशी नदीला पाणी चढलं आणि तरंगता पूल बंद झाला. टँकर पलीकडेच अडकले. हॉस्पिटलच्या जनरेटरला डिझेल कमी पडू लागलं, पाण्याचे पंप थांबले. खौला दोन दिवस कचेरीतच होती. बेकऱ्यांकडचं डिझेल हॉस्पिटलला, जनरेटरवाल्यांकडचं पंपांना, अशी फिरवाफिरव करत तिनं शहर कसंबसं तगवलं. नशवाननं आपल्या साठ्यातलं पिंप स्वतः उचलून आणून दिलं आणि म्हणाला, "आज माझ्या गल्लीत खराच सारखा अंधार आहे, बाई. मेहुण्यालासुद्धा." साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

ती घरी परतली तेव्हा उम्म राकानच्या दाराला बाहेरून साखळी आणि कुलूप होतं.

झालं होतं ते असं. उम्म राकान दुसऱ्याच सकाळी सुरक्षा खात्याच्या कचेरीत गेली. रॉकेलसाठी शिक्का हवा म्हणाली. तिथल्या माणसानं नाव विचारलं, मुलाचं नाव विचारलं. मग विचारलं, अजून स्वतःच्याच घरात राहता? तोपर्यंत या घराकडे कुणाचं लक्षच गेलेलं नव्हतं. त्या खिडकीशी जाऊन तिनं आपण होऊन ते ओढवून घेतलं. दुपारी लष्कराची गाडी आली. अबू राकानला गादीसकट उचलून मागे ठेवलं. उम्म राकाननं एक गाठोडं आणि तो निळा कॅन बरोबर घेतला, असं शेजारीण सांगत होती. "रिकामा कॅन कशाला घेतला असेल गं तिनं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

भरलेला कॅन खौलाच्या जिन्याखाली तसाच होता.

दाइशवाल्यांच्या घरच्यांना कय्याराकडच्या छावणीत नेतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खौलानं चौकशी सुरू केली. कुणी सांगितलं विचारू नका, कुणी सांगितलं तुमचं काय नातं? नातं काय सांगायचं ते तिला सुचेना. शेवटी छावण्यांना रॉकेल पोचवायचं काम कुणी घ्यायला तयार नाही हे तिला कळलं, तेव्हा तिनं ते मागून घेतलं. साहेबांना वाटलं, हिला कामाची हावच आहे. पण कागद निघायला, टँकर मिळायला वेळ गेला. ती छावणीत पोचली तेव्हा थंडीचा कडाका ओसरत आला होता.

दाइशनं पेटवून दिलेल्या तेलविहिरींचा काळा थर तिकडच्या मातीवर अजून होता. तंबूंच्या कापडावर, मेंढ्यांच्या लोकरीवर, पोरांच्या नखांत तोच काळेपणा. टँकर थांबताच बायका डबे घेऊन धावल्या. खौलानं एकीला विचारलं, "उम्म राकान कुठे राहते?"

"इथे या नावाची कुणी नाही. म्हातारी आहे ती? नवरा अंथरुणावर होता ती? ती वाजिदा. शेवटचा तंबू."

'होता' म्हणाली, हे खौलाच्या लक्षात आलं.

उम्म राकान तंबूच्या तोंडाशी मसूर निवडत बसली होती. खौलाला बघून ती उठली, तिच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि तिला बसायला गादी दिली. ती गादी ओळखीची होती.

"मावशी, काका..."

"गेले. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात. थंडी छातीत उतरली. शेवटपर्यंत विचारत होते, ही कुठली शाळा आहे, पोरं एवढी का रडतायत, बस कुणी चालवायची." ती मसूर निवडत राहिली. "बरं झालं. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही कुठे आहोत ते."

खौलाला रडू फुटलं. उम्म राकाननं तिला रडू दिलं, समजूत घातली नाही.

"मी तुम्हाला शिक्का आणायला पाठवायला नको होतं."

"नको होतं," उम्म राकान म्हणाली. तिचा आवाज साधा होता, मिठाचं प्रमाण सांगावं तसा. "मीही कॅन घेऊन दारात उभं राहायला नको होतं. अबू गानिमला बघवणार नाही हे मला कळायला हवं होतं. पण यांचा खोकला थांबत नव्हता गं. वाटलं, खौलाचाच टँकर आहे."

मग म्हणाली, "इथे सगळ्या मला वाजिदा म्हणतात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं नाव ऐकतेय. इथे प्रत्येकीचा एखादा राकान आहे ना, म्हणून कुणी मुलाच्या नावानं हाक मारत नाही."

"मी तुम्हाला घरी नेते."

"कशी नेशील?"

गल्लीतल्या कुणीतरी जामीन राहायला हवं होतं. पोलिसाला जामीन राहता येत नव्हतं, त्याच्या बायकोलाही नाही. हाजी सबहाननं कानांवर हात ठेवले. "गल्लीतल्या शहिदाच्या बापानं सही केली तर माझा शिक्का तयार आहे," तो म्हणाला. असा बाप गल्लीत एकच होता.

खौला अबू गानिमकडे दुपारी गेली, त्याची बायको बहिणीकडे गेलेली असताना. इद्रीसला तिनं येऊ नको सांगितलं होतं, तरी तो आला आणि दाराशी उभा राहिला. अबू गानिमनं चहा केला, दोघांपुढे पेले ठेवले. खौलानं त्याला सगळं सांगितलं. टाकी, दारावरचा दस्ता, पिठाचे हात, राकानच्या नावाची धमकी, सगळं.

अबू गानिम इद्रीसकडे बघून म्हणाला, "तू टाकीत होतास."

"हो, काका."

"आणि ती बाई दारात उभी राहिली. तुझ्या दारात." त्यानं पेला खाली ठेवला. "माझ्या दारातही राहू शकली असती."

"तुमच्या घरून ते आधीच निघाले होते, काका," खौला म्हणाली. "ती बाहेर आली तोवर गानिम..."

"कळतंय मला. मी वेडा नाही. पण आता हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एकच फिरतंय. चार पावलं अलीकडे आली असती तर." त्यानं डोळे पुसले. "मला हे त्या दिवशी का नाही सांगितलंस? सगळ्यांसमोर?"

"भीती वाटली."

"त्या दिवशी मी नळीवरून पाय काढला नसता. खोटं कशाला बोलू? पण तुझं म्हणणं ऐकून घेतलं असतं, आणि घरी जाऊन विचार केला असता. मी तिला शिक्का आणायला पाठवलं नव्हतं, पोरी. मी फक्त आडवा उभा होतो. तुझ्या हातात नळी होती."

त्यानं सही केली नाही. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. इद्रीसनं मात्र एक केलं. आपल्या वरिष्ठाकडे जाऊन जे लपवलं होतं ते सांगून टाकलं. त्याला वर्दी उतरवायला लावली, चौकशा पुन्हा झाल्या, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला दूरच्या एका नाक्यावर हलकी नेमणूक मिळाली. खौलानं साहेबांना सांगितलं, यापुढे तोंडी हुकूम मी पाळणार नाही, हवं तर काढून टाका. त्यांनी काढलं नाही, कारण वाटणी दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. पुढच्या हिवाळ्याची आखणी झाली तेव्हा शिक्क्याचा विषयच कुणी काढला नाही.

पण त्याआधीच, उन्हाळ्याच्या तोंडावर, एक दिवस अबू गानिम तिच्या कचेरीत आला. जनरेटरवाल्यांच्या कोंडाळ्यातून वाट काढत टेबलापाशी येऊन उभा राहिला. "कुठे सही करायची?" त्यानं विचारलं. ती करून तो लगेच निघाला. पाणीही प्यायला नाही.

खौला कागद घेऊन छावणीत गेली. शेवटच्या तंबूत दुसरंच कुटुंब होतं. वाजिदाला तिच्या भाचीनं शिरकात गावी नेलं, असं त्यांनी सांगितलं. तिकडे जामीन राहायला कुणीतरी मिळालं होतं.

शिरकातचं घर सापडायला आणखी काही आठवडे लागले. इद्रीसनं सुट्टी काढली आणि दोघं निघाली. खौलानं गाडीत रॉकेलचे दोन कॅन ठेवले, तेव्हा इद्रीसनंच ते मागच्या सीटवर नीट टेकवले. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं.

भाचीनं दार अर्धवट उघडलं. सावळी, करारी चेहऱ्याची बाई. खौलानं नाव सांगितलं, कागद पुढे केला.

"माहीत आहे मला तुम्ही कोण ते," भाची म्हणाली. "आत आहे ती. नमाज पढतेय. थांबा, विचारते."

ती आत गेली. खौलाला आतून हलका आवाज ऐकू आला, उम्म राकानचाच. शब्द कळले नाहीत. भाची परत आली.

"येऊ नका म्हणते. रागावलेली नाही, असं मुद्दाम सांगायला सांगितलंय. म्हणाली, खौलाला सांग, ती समोर आली की मला यांचा खोकला ऐकू येतो. इथे येत नाही ऐकू. इथे मला झोप लागते."

खौलानं मान हलवली. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं घाम पुसला. "आणि घर? कागद तयार आहे. अबू गानिमनं स्वतः सही केलीय."

"त्यांना सलाम सांगा म्हणाली. घर कुणाची राहायची सोय नसेल त्याला द्या म्हणाली." भाचीची नजर गाडीच्या मागच्या सीटवर गेली. "ते काय आहे?"

"रॉकेल."

"या दिवसांत?"

"थंडीत लागेल."

भाचीनं तिच्याकडे क्षणभर बघितलं. मग स्वतः येऊन एक कॅन उचलला आणि दाराआड सावलीत ठेवला. दुसऱ्या कॅनला तिनं हात लावला नाही. "एवढं पुरे," ती म्हणाली. "आमच्याकडेही आता टँकर येतो."

परतीच्या वाटेवर इद्रीस गाडी चालवत होता. उरलेला कॅन वळणावर डुचमळत होता आणि गाडीत रॉकेलचा वास भरला होता. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "काच खाली करू का?"

"राहू दे," खौला म्हणाली.